सांत्वनाला जाताय? या चुका टाळा

बाबा गेले त्याला आता दीड वर्ष होईल. त्या तेरा दिवसांत घरात शे-दीडशे माणसं येऊन गेली असतील, सगळी मायेनेच आली, पण खरा आधार चार-पाच जणांचाच झाला. आणि बाकीचे जे करत होते ना, तेच मी पण आजवर लोकांच्या घरी जाऊन करत आलो होतो, म्हणून हे लिहितोय.

पहिली चूक म्हणजे "कसं झालं हो?" हा प्रश्न. आपण एकदाच विचारतो पण घरच्यांना तो दिवसातून वीसदा येतो. आई प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायची, रात्री छातीत दुखायला लागलं, मग रिक्षा मिळेना, मग हॉस्पिटल, आणि दर वेळी "रिक्षा मिळेना" पाशी येऊन थांबायची. दुसऱ्या दिवशी माझ्या चुलत भावाने दारातच खुर्ची टाकली, येईल त्याला बाहेरच थोडक्यात सांगायचा आणि म्हणायचा, आत काही विचारू नका, नुसतं काकूंजवळ बसा. तुम्ही जवळचे असाल तर हे काम अंगावर घ्या, खूप मोठं काम आहे ते.

दुसरी चूक, "काही लागलं तर सांग." मनापासूनच म्हणतो आपण, पण ज्याच्या घरात माणूस गेलंय त्याला काय लागतंय तेच सुचत नसतं, तो कुठून फोन करणार. त्यापेक्षा सरळ काम सांगून मोकळं व्हा: "उद्या सकाळचा चहा आणि नाश्ता माझ्याकडून", "पोरांना शाळेत मी सोडतो", "गॅस मी लावून देतो". आमच्या शेजारच्या काकू रोज साडेसहाला चहाचा थर्मास ठेवून जायच्या, काही बोलायच्या पण नाहीत. डबा आणणार असाल तर आधी ठरवून आणा, एकाच दिवशी सहा घरचं पिठलं-भात येतं आणि दुसऱ्या दिवशी काहीच नसतं. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्या! आमच्याकडे या गडबडीत आईची शुगरची गोळी दोन दिवस राहिली, तिसऱ्या दिवशी तिला चक्कर आली तेव्हा कळलं. गोळ्या वेळेवर जातायत का, हे बघणारं एक माणूस हवंच.

बोलण्यातल्या चुका तर विचारू नका. "वय झालंच होतं", "सुटले बिचारे", "आमच्या मामांचं तर याहून वाईट झालं". आणि पोराला "रडू नकोस, आता तूच घरचा कर्ता". मला हे इतक्या जणांनी सांगितलं की मी तेरा दिवस रडलोच नाही, आणि मग महिन्याभराने बाबांची चप्पल कपाटाखाली सापडली तेव्हा जे झालं ते झालं. काय बोलावं सुचत नसेल तर नका बोलू, नुसतं बसलात तरी चालतं. नाहीतर त्या माणसाची एखादी आठवण सांगा. बाबांच्या ऑफिसमधले एक जण आले आणि म्हणाले, तुझ्या बाबांनी माझ्या मुलीच्या अ‍ॅडमिशनला न मागता पैसे दिले होते. आम्हा घरच्यांना हे माहीतच नव्हतं. त्या दिवशी आई पहिल्यांदा नीट जेवली.

एक गोष्ट मात्र ठाम सांगतो. नवरा गेलेल्या बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं याला हात लावू नका आणि दुसऱ्या कोणाला लावू देऊ नका. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने 4 मे 2022 ला ग्रामसभेत ठराव करून ही प्रथा बंद केली, त्याच महिन्यात सरकारनेही परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तसंच करायला सांगितलं. घरात आत्या-मावश्या आग्रह धरतात तेव्हा सुनेला, मुलीला बोलता येत नाही, अशा वेळी बाहेरच्या मोठ्या माणसाने "वहिनींना जसं राहायचंय तसं राहू द्या" एवढं म्हटलं तरी बळ येतं.

कागदपत्रांचं उलटं आहे. "पैसे-बिसे किती ठेवलेत?" असं विचारू नका, पण कागदांसाठी सोबत मात्र जरूर जा. मृत्यूची नोंद 21 दिवसांत व्हायला लागते, उशीर केला तर लेट फी आणि परवानग्या, वर्ष उलटलं तर मॅजिस्ट्रेटची ऑर्डर. मृत्यू हॉस्पिटलमध्ये झाला असेल तर तिथून कळवतात, पण घरी झाला असेल तर घरच्यांनाच करावं लागतं, आणि तेव्हा डॉक्टरांचा दाखला लागतो. मृत्यूच्या दाखल्यावरचं नाव आधारशी जुळतंय का ते तिथेच बघा, आठ-दहा प्रती एकदमच घ्या, बँक, विमा, पेन्शन सगळे मागतात. गेलेल्याचं सिमकार्ड लगेच बंद करू नका, ओटीपी त्यावरच येतात. पण त्यांच्या एटीएमने पैसेही काढू नका, पुढे वारसांत भांडणं होतात. माणूस 55 च्या आतला असेल तर पासबुकात मे महिन्याच्या आसपास 436 रुपये कापलेले दिसतात का बघा, दिसले तर जीवनज्योती या सरकारी विमा योजनेचे 2 लाख मिळू शकतात, कितीतरी घरांना हे माहीतच नसतं. शेती असेल तर तीन महिन्यांत तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्यायचा असतो.

आणि सगळ्यात मोठी चूक, तेराव्याचं जेवून आपण जे जातो ते जातोच. चौदाव्या दिवशी घर खायला उठतं. मोबाईलमध्ये रिमाइंडर लावा, महिन्याने एक फोन, वाढदिवसाला एक. पहिल्या दिवाळीला त्या घरात फराळ करत नाहीत, तेव्हा डबा घेऊन स्वतः जा, पोराच्या हाती पाठवू नका. कोणी महिनोन् महिने जेवत-झोपत नसेल, "माझं आता काय उरलंय" असं म्हणत असेल तर समजूत घालत बसू नका, 14416 हा सरकारी टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा नंबर लावून द्या, फुकट आहे, मराठीत बोलतात.

थर्मासवाल्या काकू अजून दर गुरुवारी येतात, चप्पल दारातच ठेवून आईला हाक मारतात, "चला हो, बाजारात जाऊन येऊ." पहिले दोन महिने आई नाही म्हणायची. त्या पुढच्या गुरुवारी परत यायच्या.