पानांची मायक्रोस्कोपी: या चुका टाळा

तपासायचं औषधी पान क्लोरल हायड्रेटमध्ये, म्हणजे पान पारदर्शक करणाऱ्या द्रावणात उकळायचं, स्लाइड तशीच ठेवून जेवायला जायचं आणि परत आल्यावर बघायचं. ही सवय ज्यांना आहे, त्यांच्यासाठी आधी ही गोष्ट.

आमच्याकडच्या एका नव्या मुलाने सोनामुखीची अख्खी बॅच नापास केली. शेरा होता, 'रॅफाइड्स भरपूर, भेसळ'. रॅफाइड्स म्हणजे सुईसारखे स्फटिक. सोनामुखीत रॅफाइड्स असतात कुठे? तिथे तंतूंच्या कडेने प्रिझमसारखे आणि आतल्या पेशींत गुच्छासारखे स्फटिक दिसतात. मी स्लाइड लावली. सुया होत्या खऱ्या, पण कव्हरस्लिपच्या (वरच्या पातळ काचेच्या) कडेकडून आत घुसलेल्या आणि पेशींच्या भिंती ओलांडून आडव्यातिडव्या पडलेल्या. रॅफाइड्स पेशीच्या आत जुडीने बसतात. इथे थंड होताना क्लोरल हायड्रेटच गोठलं होतं. कडेला ग्लिसरीनचा थेंब सोडून स्लाइड जराशी तापवली, सुया गेल्या. माल मात्र तीन दिवस अडकला. तेव्हापासून मी पान गरम असतानाच ग्लिसरीन घालतो. पुस्तकात असो वा नसो.

स्टार्च बघायचा तर आधी पाण्यातली स्लाइड करा, क्लोरल हायड्रेट त्याला विरघळवून टाकतं. लाकडी भिंती लाल रंगवणाऱ्या फ्लोरोग्लुसिनॉल-हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या स्लाइडवर कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक शोधत बसू नका, ॲसिडने ते कधीच खाल्लेले असतात. आणि हवेच्या बुडबुड्याला तेलाचा थेंब म्हणणं तरी आता थांबवा.

दुसरा माझा रागाचा विषय म्हणजे पर्णरंध्रांची मोजणी. नुसती संख्या पानाच्या वयाप्रमाणे बदलते. ओळखीसाठी निर्देशांक लागतो, म्हणजे रंध्रं भागिले रंध्रं अधिक बाह्यत्वचेच्या पेशी, गुणिले १००. घाईची मंडळी रंध्राला चिकटलेल्या साहाय्यक पेशी मोजतच नाहीत. समजा १८ रंध्रं आणि सगळ्या धरून ८२ पेशी, तर निर्देशांक १८. त्यातल्या ३६ साहाय्यक पेशी सोडल्या की तोच २८! भारतीय सोनामुखीचा १७ ते २०, अलेक्झांड्रियनचा ११ ते १३च्या आसपास. आता हे २८ कुठल्या खात्यात टाकायचं? केसही पेशींतच धरा. फोटोवरून ॲपने मोजलेला आकडा घेऊन माझ्याकडे येऊ नका, कागदावर एकेका पेशीवर खूण करून आणा.

अडुळशात महारुख या झाडाची पानं मिसळलेली सापडतात. अडुळशाची खूण असलेले सिस्टोलिथ (पेशीतले कॅल्शियम कार्बोनेटचे खडे) दिसले म्हणून लगेच सही करू नका. ॲसेटिक ॲसिडचा थेंब सोडा, बुडबुडे आले तर तो कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खरा सिस्टोलिथ. ऑक्झलेट तसाच ढिम्म बसून राहतो.