टोस्टवर काय काय लावता येतं: चटणीच्या डब्यापासून उरलेल्या पुरणापर्यंत

टोस्ट म्हटलं की आपली गाडी बटर, जॅम आणि फार तर चीज स्लाइसवर येऊन थांबते. मग कधीतरी कंटाळा आला की दुकानातून महागडी स्प्रेडची बाटली आणली जाते, दोनदा खाल्ली जाते आणि पुढे वर्षभर फ्रिजच्या दारात पडून राहते. गंमत म्हणजे त्याच फ्रिजमध्ये ठेचा असतो, मुरंबा असतो, कालचं भरीत असतं, फडताळात तिळाची चटणी आणि मेतकूट असतं. ताटात मिठा-लिंबाशेजारी डाव्या हाताला जे जे वाढतात ते जवळजवळ सगळं टोस्टवर चालतं, माझं म्हणाल तर कधी कधी पोळीपेक्षा बरं लागतं, कारण खाली कुरकुरीत काहीतरी असतं. फक्त लावायचा एक क्रम आहे. तो चुकला की पाच मिनिटांत टोस्टचा लगदा होतो आणि नाव मात्र चटणीचं खराब होतं. म्हणून आधी टोस्टचं बघू.

पायरी १: ब्रेड जरा शिळाच घ्या

अगदी ताजा लुसलुशीत ब्रेड टोस्टला नको. त्यात ओलावा जास्त, त्यामुळे बाहेरून रंग आला तरी आत चिवट राहतो. एक-दोन दिवसांचा ब्रेड छान भाजला जातो. पण तो फ्रिजमध्ये ठेवू नका. हे बऱ्याच जणांना पटत नाही, पण फ्रिजच्या थंडीत ब्रेडमधला स्टार्च बाहेरच्यापेक्षा लवकर घट्ट होतो आणि ब्रेड वातड लागायला लागतो. दोन दिवसांत संपणार असेल तर ओट्यावरच राहू दे, आणि संपणार नसेल किंवा पावसाळ्याचे दिवस असतील (तेव्हा बुरशी बघता बघता येते) तर सरळ फ्रीजरमध्ये टाका, स्लाइस सुट्या निघतील अशा ठेवा म्हणजे लागेल तेवढ्या काढून गोठलेल्याच तव्यावर टाकता येतात.

ब्राउन ब्रेड घेताना रंगावर जाऊ नका, पाकिटामागची यादी वाचा. जो घटक सगळ्यात जास्त तो यादीत पहिला लिहिलेला असतो, तिथे मैदा असेल तर तो मैद्याचाच ब्रेड, रंग काहीही असो. कडक पाव किंवा ब्रून मिळत असेल तर आडवा चिरून वापरा, ओल्या टॉपिंगला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. गोव्यात असाल तर पोई आहेच.

पायरी २: कोरडा तवा, मंद आच

टोस्टर असेल तर प्रश्नच नाही. तव्यावर करायचा तर जाड बुडाचा तवा घ्या, मध्यमपेक्षा थोडी कमी आच ठेवा, आणि बटर आत्ता लावू नका. बटरमध्ये १६ टक्क्यांपर्यंत पाणी असू शकतं, शिवाय त्यातला दुधाचा अंश ब्रेडच्या आधी करपतो. ब्रेडच्या वरच्या थरातलं पाणी उडून जाईपर्यंत तिथलं तापमान १०० अंशांच्या फारसं वर जात नाही, आणि तो खमंग तपकिरी रंग यायला साधारण १४० च्या वर जावं लागतं, म्हणून मोठ्या आचेवर घाई केली की वरून काळा आणि आतून दमट असा टोस्ट हातात येतो. एका बाजूला दोन-तीन मिनिटं द्या, उलथन्याने कडा हलक्या दाबा, मग उलटा.

भाजून झालेला टोस्ट बशीत आडवा टाकू नका. त्याची वाफ खालीच अडकते आणि खालची बाजू ओली होते. जाळीवर ठेवा, जाळी नसेल तर दोन टोस्ट एकमेकांना टेकवून उभे करा.

पायरी ३: आधी स्निग्ध थर, मग बाकी सगळं

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. टोस्टवर थेट टोमॅटो, भरीत किंवा उसळ ठेवली तर पाणी सरळ ब्रेडमध्ये उतरतं. मध्ये लोणी, बटर, तूप, शेंगदाण्याचं बटर किंवा चीज असं काहीतरी हवं, आणि तेही अगदी कडेपर्यंत लावलेलं, कारण पाणी बरोबर मोकळी राहिलेली कडा शोधतं. टोस्ट गरम असताना लोणी लावलं की ते आत जिरतं आणि चव छान येते, पण वर ओलं काही ठेवायचं असेल तर मिनिटभर थांबून लावा, म्हणजे थर वरच राहतो.

याच्याही आधी एक करून बघा. लसणाची सोललेली पाकळी अर्धी कापून गरम टोस्टवर घासा. भाजलेला खरखरीत ब्रेड अगदी किसणीसारखा चालतो, पाकळी झिजत जाते आणि लसणाचा नुसता वास मागे राहतो. स्पेनमध्ये, विशेषतः कॅटलोनियात, असाच लसूण आणि त्यावर पिकलेला अर्धा टोमॅटो घासतात, वरून ऑलिव्ह ऑइल आणि मीठ, बस. आपल्याकडे घाण्याचं कच्चं शेंगदाणा तेल घालून हाच टोस्ट करा, मला तर तो जास्त आवडतो. इथे मध्ये स्निग्ध थर नसतो, त्यामुळे ब्रेड जाड हवा आणि लगेच खायला हवा.

पायरी ४: दोन गोष्टी घरात करून ठेवा

पहिली, शेंगदाण्याचं बटर. दोन वाट्या दाणे मंद आचेवर खरपूस भाजा, सालं काढा, आणि दाणे कोमट असतानाच मिक्सरला लावा. आधी नेहमीचा कूट होतो, मग तो भांड्याच्या कडांना चिकटून बसतो आणि वाटतं की आता काही होत नाही. तिथे सोडून देऊ नका, चमच्याने खाली लोटा, मिक्सर दोन मिनिटं गार होऊ द्या, परत फिरवा. थोड्या वेळाने गोळा होतो आणि मग एकदम तेल सुटून ते सैल, चकचकीत व्हायला लागतं. मीठ आता घाला. गोड हवं असेल तर गुळाची कोरडी पावडर घाला, मध किंवा किसलेला ओला गूळ नको, कारण जराशा पाण्यानेही हे बटर घट्ट होऊन बसतं. भांडं पूर्ण कोरडं हवं, चमचासुद्धा.

दुसरी, चक्का. अर्धा किलो दही पंचात बांधून चार-पाच तास टांगा. उन्हाळ्यात बाहेर आंबतं, त्यापेक्षा चाळणीत पंचा, चाळणीखाली पातेलं आणि सगळं फ्रिजमध्ये रात्रभर. खाली निथळलेलं पाणी कणीक मळायला वापरा. हा चक्का आंबट आणि गोड दोन्ही टोस्टना चालतो, आणि बाजारच्या क्रीम चीजच्या मानाने खूप स्वस्त पडतो.

आता खरी मजा

ठेचा आणि चक्का ही माझी सगळ्यात लाडकी जोडी. हिरव्या मिरच्या आणि लसूण थोड्या तेलावर डाग पडेपर्यंत परता, मीठ आणि भाजलेले दाणे घालून खलबत्त्यात जाडसर ठेचा. मिक्सरमध्ये केला तर एकदाच फिरवा, पेस्ट झाली की मजा गेली. टोस्टवर आधी बटरचा हात, मग चक्क्याचा जाड थर आणि त्यावर ठेचा बोटबोट अंतरावर टिपक्यांनी. दोन्ही एकत्र कालवू नका. वेगळं ठेवलं की एक घास गार आणि पुढचा झणझणीत असा येतो, कालवलं की सगळे घास सारखेच. वरून अर्धा चमचा कच्चं तेल.

कोरड्या चटण्यांचा एक घोळ असतो, त्या टोस्टवरून सांडतात. तिळाची, जवसाची, कारळ्याची, कुठलीही असो, आधी लोणी लावा आणि त्यावर चटणी भुरभुरवून चमच्याच्या पाठीने दाबा. जवसाची चटणी दह्याच्या चक्क्यात कालवलेलीही छान लागते. मेतकुटाचं म्हणाल तर दोन चमचे मऊ लोण्यात एक चमचा मेतकूट आणि चिमूटभर मीठ फेटून ठेवा, वर अगदी बारीक चिरलेला कांदा. मऊ भाताशिवाय मेतकूट खायचं नाही असा घरात कुणाचा हट्ट असेल तर त्यांना न सांगता हा टोस्ट द्या.

भरीत. जळगावच्या भरताच्या वांग्यांना जीआय मानांकन आहे, ती मिळाली तर उत्तमच, नाही मिळाली तर कुठलंही मोठं, वजनाला हलकं वांगं घ्या, हलक्या वांग्यात बिया कमी निघतात. भाजून सोललेलं वांगं दहा मिनिटं चाळणीत निथळू द्या, टोस्टसाठी हे लागतंच. मग खानदेशी पद्धतीने ठेचलेली मिरची, लसूण, कांद्याची पात, दाणे, कोथिंबीर. ज्या भरतात दही घालतात ते टोस्टवर नको, फार सैल होतं.

कोकणातल्या लोकांसाठी जवळ्याची चटणी. सुका जवळा चाळून घ्या म्हणजे रेती आणि मिशा खाली पडतात, कोरडाच कुरकुरीत भाजा, दोन पाण्यांत पटकन धुऊन पिळा. तेलावर भरपूर कांदा आणि लसूण लालसर करा, घरचा मसाला, दोन आमसुलं, मग जवळा घालून कोरडं होईपर्यंत परता. खाली बटर भरपूर लावा, इथे कंजुषी नको. शेजारी कच्चा कांदा आणि लिंबू. शेजाऱ्यांना वास जाणारच, त्याला इलाज नाही.

अंडं खाणाऱ्यांनी केजरीवाल टोस्ट करून बघावा. मुंबईच्या विलिंग्डन क्लबमधला हा प्रकार तिथले मेंबर देवीप्रसाद केजरीवाल यांच्या नावाने ओळखला जातो. किसलेल्या चीजमध्ये बारीक चिरलेली हिरवी मिरची मिसळा, एका बाजूने भाजलेल्या ब्रेडच्या भाजलेल्या बाजूवर पसरा, झाकण ठेवून अगदी मंद आचेवर चीज वितळवा, तोवर खालची बाजू भाजली जाते. वर अर्धकच्च्या बलकाचं हाफ फ्राय आणि मिरपूड. मिरचीच्या बिया काढू नका.

तव्यावर उलटा टाकायचा टोस्ट

हा वेगळा प्रकार, इथे टॉपिंगसकट भाजायचं असतं आणि ब्रेड आधी भाजायचा नाही. अर्धी वाटी बारीक रवा, पाव वाटी घट्ट दही, बारीक चिरलेला कांदा, सिमला मिरची, बिया काढलेला टोमॅटो, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ. दहा मिनिटं झाकून ठेवा, रवा फुगतो. फार घट्ट वाटलं तर चमचाभर पाणी, पण मिश्रण चमच्यातून ओघळता कामा नये. ब्रेडवर कडेपर्यंत दाबून लावा, तव्यावर तेल सोडा आणि रव्याची बाजू खाली करून टाका. मध्यम आचेवर चार मिनिटं, तोपर्यंत अजिबात हात लावू नका, रवा सुटला की उलथनं आपोआप खाली सरकतं. मग ब्रेडची बाजू. कालचं पिठलं उरलं असेल तर तेही असंच, गार पिठलं घट्ट होतं ना, ते ब्रेडवर थापायचं, वर कांदा दाबायचा आणि उलटं टाकायचं. रव्यापेक्षा जास्त कुरकुरीत होतं असं माझं मत.

गोड काहीतरी

साय-साखर तर सगळ्यांना माहीत आहे, साखर जाडी घ्या म्हणजे दाताखाली येते. कैरीचा मुरंबा लोण्यावर, पाक निथळून. आंब्याच्या दिवसांत चक्क्यावर हापूसच्या फोडी आणि वेलची, साखर घालायची गरज नसते. शेंगदाण्याच्या बटरवर केळं आणि भाजलेले तीळ.

पण सगळ्यांत भारी म्हणजे उरलेलं पुरण. जपानमधल्या नागोया शहरात ओगुरा टोस्ट मिळतो, जाड टोस्टवर बटर आणि त्यावर लाल अझुकी शेंगांच्या दाण्यांचं गोड पुरण. आपल्याकडे होळीच्या दुसऱ्या दिवशी हरभऱ्याच्या डाळीचं पुरण वाटीभर उरलेलंच असतं आणि पोळ्या लाटायचा कुणालाही उत्साह नसतो. ब्रेड जाड कापा, चांगला तपकिरी भाजा, खारं बटर लावा, बिनमिठाचं नाही, त्या मिठामुळेच गूळ उठून दिसतो. पुरण फ्रिजमधून काढून चमचाभर दूध घालून जरा गरम करा, नाहीतर लावताना ब्रेड फाटतो. वर जायफळ किसा. तुपाची धार सोडायचा मोह होईल, पण बटर आहे, आता पुरे.

किती दिवस टिकतं

शेंगदाण्याचं बटर फ्रिजमध्ये महिनाभर आरामात, तेल वर आलं तर ढवळायचं. चक्का तीन-चार दिवस. ठेचा कोरडा चमचा वापरला तर आठवडाभर. जवसाची चटणी मात्र थोडी थोडी करा आणि फ्रिजमध्ये ठेवा, जवस कुटलं की त्याचं तेल लवकर खवट होतं. पाहुणे येणार असतील तर टोस्ट आधी लावून ठेवू नका, सगळी भांडी टेबलावर मांडा, टोस्ट तव्यावरून गरम गरम आणून द्या आणि लावायचं काम ज्याचं त्याला करू दे.