‘हा कोणता पक्षी?’ विचारण्याआधी या चुका टाळा

रविवारी सकाळी पुण्याजवळ कवडीपाटला किंवा पाषाण तलावावर पक्षी बघत फिरून झालं की आमची मंडळी टपरीवर चहाला थांबतात. कोणाला काय दिसलं, कुठे दिसलं, तिथे कसा काय आला, अशा गप्पा तास-दीड तास चालतात. मी पक्ष्यांबद्दल जे काही शिकलो त्यातलं निम्मं या गप्पांत शिकलो. म्हणून नवीन कोणी आलं की मला मनापासून आनंद होतो. पण त्याच त्या चुका दर हिवाळ्यात नव्या चेहऱ्यांसोबत परत येतात आणि आता मी थकलोय. काही चुकांनी फक्त नाव चुकतं. काहींनी पिल्लं मरतात. दोन्ही लिहून टाकतो.

फोटो पुढे करून ‘दादा, हा कोणता?’

मोबाइल पुढे येतो. फांद्यांच्या गुंत्यात एक काळा-पांढरा ठिपका. मी विचारतो, कुठे होता? ‘झाडावर.’ पाण्याजवळ, की माळावर? आठवत नाही. शेपटी कशी हलवत होता? ‘तेवढं बघितलं नाही, फोटो काढत होतो ना.’

इथेच घोडं अडतं. पुण्याच्या आसपास ‘काळा-पांढरा, शेपटी हलवणारा’ एवढंच सांगितलं तर माझ्या डोळ्यांपुढे निदान चार पक्षी येतात. नदीतल्या ओल्या दगडांवर चालत, शेपटी सारखी वर-खाली करत किडे टिपत असेल तर तो धोबी. बागेत किंवा कंपाउंडच्या भिंतीवर शेपटी ताठ उभी करून बसत असेल आणि पहाटे उंच जागेवरून गात असेल तर दयाळ. झुडपाच्या आत शेपटीचा पंखा उघडत-मिटत गिरक्या घेत असेल तर नाचण. आणि सासवडकडच्या माळावर बोरीच्या शेंड्यावर बसून, खाली झेप घेऊन पुन्हा शेंड्यावर परतत असेल तर गप्पीदास. या चौघांना वेगळं करायला पिसांचा रंग सगळ्यात शेवटी लागतो. आधी जागा, मग वागणं, मग आकार.

आकारही ‘छोटा’, ‘मध्यम’ असा सांगितला तर काही कळत नाही. चिमणीएवढा, मैनेएवढा, कावळ्याएवढा, घारीएवढा, ही चार मापं तुमच्या-माझ्या दोघांच्या डोळ्यांत पक्की असतात. ‘मैनेपेक्षा थोडा मोठा, चोच जाड, पाय लाल’ एवढं कोणी सांगितलं तर फोटो नसला तरी चालतं.

माझी सवय सांगतो. खिशात मावेल अशी वही आणि पेन्सिल. शाई पावसात फुटते म्हणून पेन नाही. पक्षी दिसला की आधी दोन मिनिटं फक्त बघायचं. तो उडाला की जागेवरच लिहायचं: वेळ, जागा, कोणतं झाड, किती उंचीवर, काय करत होता, आवाज कसा वाटला. आवाज आपल्या शब्दांत लिहायचा, पुस्तकातला नाही. पावशाच्या ओरडण्यात आपल्याकडच्या शेतकऱ्यांना ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ ऐकू आलं आणि ते पिढ्यान्‌पिढ्या लक्षात राहिलं, ते असंच. घरी जाऊन लिहू म्हणालात की निम्मं विसरता आणि उरलेलं निम्मं पुस्तकातलं चित्र पाहून बदलता. हे मी स्वतःच्या वह्यांमध्ये पाहिलंय.

नवीन माणसाला मी पहिले सहा महिने कॅमेरा घरी ठेवायला सांगतो. फार थोडे ऐकतात. ज्यांनी ऐकलं ते आज माझ्यापेक्षा चांगले पक्षी ओळखतात.

ॲपने सांगितलं म्हणजे झालं

आवाज ऐकून नाव सुचवणारं मर्लिन माझ्याही मोबाइलवर आहे. ते उपयोगाचं आहे, नव्या जागी तर फारच. पण ते नाव सुचवतं, खात्री आपण करायची असते. कोतवाल पक्षी शिक्रा या लहान शिकारी पक्ष्याचा आवाज काढून साळुंक्यांना उडवून लावतो आणि त्यांचा घास पळवतो. पर्णपक्षी तर चार-पाच पक्ष्यांच्या नकला एकामागून एक करतो. मोबाइलला त्यात शिक्रा ऐकू आला म्हणून यादीत शिक्रा लिहायचा का? माझ्या वहीत ॲपने सांगितलेल्या नावापुढे प्रश्नचिन्ह असतं. पक्षी डोळ्यांनी दिसला की ते खोडतो, नाही दिसला तर तसंच राहू देतो. रिकामी जागा किंवा प्रश्नचिन्ह लिहायला लाज वाटू नये.

शिक्रा की पावशा

ही गफलत अनुभवी लोकही करतात, म्हणून थोडं सविस्तर. पावशा पावसाळ्याच्या तोंडावर ओरडून जीव नकोसा करतो, तेव्हा कोणी चुकत नाही. चूक होते ती हिवाळ्यात, तो गप्प असतो तेव्हा. राखाडी पाठ, छातीवर तपकिरी आडवे पट्टे, लांब पट्टेरी शेपटी, उडण्याची ढबही शिक्र्यासारखीच. लहान पक्षी सुद्धा फसतात आणि त्याच्यामागे कलकलाट करत लागतात. सातभाई पक्ष्यांच्या घरट्यात अंडं टाकणाऱ्या पक्ष्याला शिकाऱ्याचं रूप असणं सोयीचंच आहे.

मी तीन गोष्टी बघतो. चोच आकड्यासारखी वळलेली असेल तर शिक्रा, बारीक आणि जवळपास सरळ असेल तर पावशा. डोळ्याभोवती स्पष्ट पिवळं कडं असेल तर पावशा. आणि पाय: शिक्र्याचे लांब, पिवळे, नख्यांचे, भक्ष्य पकडायला बनलेले; पावशाचे आखूड, फांदीवर बसल्यावर जेमतेम दिसणारे. पाय दिसेपर्यंत थांबा. दहा मिनिटं लागली तर लागली.

बाकीच्या नेहमीच्या चुका चटकन सांगतो. शहरावर घिरट्या घालणारा, शेपटीला मधे खाच असलेला मोठा तपकिरी पक्षी गरुड नाही, घार आहे. ‘कोकिळा गाते’ म्हणतो आपण, पण गाणारा नर असतो, काळा कुळकुळीत. अंगभर ठिपके असलेली तपकिरी मादी म्हणजे नवीन पक्षी नाही. पिवळसर पोट आणि गळ्यापासून पोटापर्यंत एकच काळी रेघ असलेला शिंजीर दिसला तर तो विणीनंतर पिसं बदललेला जांभळा शिंजीर नर आहे, नवीन जात नाही. पांढरा कावळा हाही कावळाच असतो.

आणि गावातल्या माणसाने सांगितलेलं नाव दुरुस्त करू नका. एकच पक्षी एका तालुक्यात एका नावाने आणि शेजारच्या तालुक्यात दुसऱ्याच नावाने ओळखतात. धनगर काकांनी ‘हा इथे पाऊस सरल्यावर येतो आणि बैलांच्या मागे फिरतो’ असं सांगितलं तर ते आधी वहीत लिहा, आपलं नाव नंतर.

घरट्याचा पत्ता सांगणं

ही चूक माझी आहे. म्हणून सगळी सांगतो.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात सिंहगडाच्या पायथ्याशी करवंदीच्या जाळीत मला नाचण पक्ष्याचं घरटं दिसलं. कमरेएवढ्या उंचीवर, वाटीएवढं, बाहेरून कोळ्याच्या जाळ्याने गुंडाळून गुळगुळीत केलेलं. आत तीन पिल्लं, डोळे मिटलेले. नर-मादी दोघंही दर काही मिनिटांनी किडे आणत होते. मी लांबून पाहिलं आणि निघालो. पण टपरीवर आल्यावर राहवलं नाही. तिघांना सांगितलं, कोणत्या वळणावर, कोणत्या जाळीत, सगळं. तिघंही जुने, जबाबदार लोक. त्यांनी प्रत्येकी एकदोघांना सांगितलं.

पुढच्या रविवारी आठला मी तिथे पोचलो तर नऊ माणसं उभी होती. मोठ्या लेन्स, तिपाया. उजेड नीट यावा म्हणून कोणीतरी घरट्यासमोरच्या फांद्या मागे ओढून सुतळीने बांधल्या होत्या. याच फांद्यांनी घरट्यावर दुपारचं ऊन येत नव्हतं आणि ते कावळ्यांच्या नजरेला पडत नव्हतं. नर-मादी शेजारच्या झुडपात चोचीत किडे धरून बसले होते, ‘चक्, चक्’ करत होते आणि आत येत नव्हते. लोक म्हणाले, येईल आता, थोडं थांबू. ते पाऊण तास थांबले होते. त्या वेळात पिल्लांना एक घासही मिळाला नव्हता.

मी सुतळी सोडली आणि सगळ्यांना तिथून हलवलं. पण वाकवलेल्या फांद्यांपैकी दोन पिचल्या होत्या, पानं माना टाकायला लागली होती. बुधवारी परत गेलो. घरटं कलंडलेलं, रिकामं. पिल्लं भारद्वाजाने नेली की कावळ्याने, मी पाहिलं नाही. पण जाळीला पडलेलं ते भगदाड पाहिल्यावर विचारायचं काही राहिलं नाही.

त्या नऊ जणांमधलं कोणी दुष्ट नव्हतं. एक ताई तर उन्हाळाभर गच्चीत पक्ष्यांसाठी पाणी ठेवतात. त्यांना बुधवारचं सांगितलं तेव्हा त्या रडल्या. घाई होती, एवढंच. एका फोटोची घाई.

तेव्हापासून माझा नियम आहे: पिल्लं उडून जाईपर्यंत घरट्याबद्दल कोणालाही सांगायचं नाही, जवळच्या मित्रालाही नाही. नंतर सांगायचं झालं तर तालुका सांगतो, वळण सांगत नाही. मोबाइलच्या फोटोत जागेची नोंद आपोआप होते. ती सोय पक्षी पाहायला जाताना बंद ठेवा, नाहीतर तुम्ही गप्प राहिलात तरी फोटो पत्ता सांगतो. आणि ही फक्त चांगल्या वागण्याची गोष्ट नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांच्या घरट्याला किंवा अंड्यांना त्रास देणंही येतं. हे पुष्कळ जुन्या पक्षीमित्रांनाही माहीत नसतं.

चालता चालता घरटं दिसलंच तर थांबू नका, चालत राहा. पक्षी चोचीत खाऊ धरून बसलाय आणि आत जात नाही, याचा अर्थ तुम्ही फार जवळ आहात. माळावर टिटवी डोक्यावरून ओरडत फिरायला लागली तर पुढचं पाऊल टाकू नका. तिची अंडी उघड्या जमिनीवर, बहुतेक वेळा चार, खड्यांमध्ये खड्यांसारखीच दिसतात. आपल्याच पावलांवरून मागे फिरा.

आवाज वाजवून बोलावणं

नवरंग पावसाच्या आधी येतो, पहाटे आणि संध्याकाळी दोन सुरांची शीळ घालतो. मोबाइलला स्पीकर जोडून त्याची शीळ वाजवली की तो समोर येतो, हे खरं आहे. तो येतो कारण त्याला वाटतं दुसरा नर आपल्या जागेत घुसला. जोडी जमवण्याच्या, घरटं बांधण्याच्या दिवसांत तो हे सगळं सोडून नसलेल्या शत्रूशी भांडत राहतो. त्याच जागी दिवसातून चार गट आले तर चार वेळा. मला हा आडमार्ग अजिबात मान्य नाही. नवरंग हवा असेल तर पहाटे साडेपाचला जाऊन बसा. दिसला नाही तर पुन्हा जा.

भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांच्या बाबतीतही तेच. ‘नाववाले दादा, जरा अजून जवळ घ्या’ हे वाक्य पर्यटकांच्याच तोंडून येतं. दादा पोटासाठी ऐकतात. रोहित चोच उलटी करून पाणी गाळून खातो, हे सावकाश चालणारं काम आहे, आणि थवा उडवला की ते थांबतं. उडत्या थव्याचा फोटो हवा असेल तर नाव लांब उभी करा. थवे आपणहून जागा बदलतात, तेव्हा मिळतो.

‘हजारो होते!’

किती होते हे विचारलं की ‘खूप’, ‘हजारो’ असं उत्तर येतं. असं मोजा: आधी दहा पक्षी एकेक करून मोजा. दहा पक्षी किती जागा व्यापतात ते डोळ्यांत बसवा. तेवढे दहा तुकडे म्हणजे शंभर. मग शंभराचा तुकडा थव्यावरून सरकवत न्या. पहिल्या वेळी चुकेल, पाचव्या वेळी बरंच जवळ येईल. आणि कावळे, चिमण्या, पारवे लिहायचे टाळू नका. फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षीगणना होते, तिच्यात किमान 15 मिनिटं एका जागी दिसलेले सगळे पक्षी नोंदवायचे असतात. तिथेही लोक नेमके कावळेच गाळतात. उद्या चिमण्या कमी झाल्या का हे ठरवायचं असेल तर आज किती होत्या ते कोणीतरी लिहिलेलं असायला हवं.

दुर्बीण घेताना 20 पटीच्या मागे लागू नका, हात थरथरला की काही दिसत नाही. 8 बाय 42 घ्या, म्हणजे 8 पट मोठं दाखवणारी आणि पुढची काच 42 मिलिमीटरची. पांढरे कपडे नकोत. गाडीचं दार हळू लावा.

पडलेलं पिल्लू उचलून आणणं

मे-जून आला की मला रोज फोन येतात, ‘काका, बुलबुलाचं पिल्लू खाली पडलंय, घरी आणलंय, काय खायला घालू?’ बहुतेक वेळा ते पडलेलं नसतंच. अंगावर पिसं आलेलं, आखूड शेपटीचं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू घरटं सोडून बाहेर पडलेलं असतं. आईबाप जवळच असतात आणि जमिनीवर येऊन भरवतात. माणसाचा हात लागला की ते पिल्लाला टाकतात, ही समजूत खोटी आहे. म्हणून जिथे सापडलं तिथेच नेऊन ठेवा. मांजर-कुत्र्याची भीती असेल तर जवळच्या झुडपात खांद्याएवढ्या उंचीवर बसवा. दूध पाजू नका, ब्रेड भरवू नका, चोचीत पाणी सोडू नका. मग पंचवीस-तीस पावलं मागे जाऊन आडोशाला उभे राहा आणि मोबाइल खिशात ठेवा. अर्धा तास लागेल, कधी त्याहून जास्त. बुलबुल आधी तारेवर येईल, इकडेतिकडे बघेल, चोचीत एखादी अळी असेल. तुम्ही हललात तर तो परत जाईल.