मराठवाड्यात वंशावळ शोधताना: आधी गाव, मग साल, मग नाव

वंशावळ काढायला निघालेली माणसं बहुधा थेट तहसीलचा अभिलेख कक्ष गाठतात आणि पणजोबांचं नाव सांगून कागद मागतात. नावावरून तिथं काही निघत नाही. बस्ते बांधलेले असतात गावावर आणि सालावर. या दोन गोष्टी हातात नसतील तर फेरी फुकट जाते. त्या पक्क्या करायची जागा म्हणजे तालुक्याचं वाचनालय किंवा जिल्हा ग्रंथालय.

वाचनालयात जाण्याआधी घरी एक कागद तयार करा. माहीत असतील तेवढ्या पिढ्या, मूळ गाव, शेताचा सर्व्हे किंवा गट नंबर, कुलदैवत, आज्यांची माहेरं. म्हाताऱ्या माणसांना जन्मसाल विचारू नका, ते चुकतंच. रझाकाराच्या वेळी लग्न झालं होतं का, बहात्तरच्या दुष्काळात थोरला मुलगा केवढा होता, असं विचारा. 1948 आणि 1972 हे दोन खुंटे घट्ट आहेत, त्यांच्यापासून मागे-पुढे मोजता येतं.

ग्रंथपालांना तो कागद दाखवा आणि संदर्भ विभागातली जुनी पुस्तकं मागा. ती घरी मिळत नाहीत, तिथंच बसून वाचावी लागतात, तेव्हा निम्मा दिवस हाताशी ठेवा. पहिल्यांदा जिल्ह्याचं गॅझेटियर (औरंगाबादचं 1884 साली छापलेलं आहे) आणि जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका पाहा. पुस्तिकांत तालुकावार गावांच्या याद्या असतात, त्यावरून आपलं गाव तेव्हा कुठल्या तालुक्यात होतं ते कळतं. यातच बहुतेकांची गाडी अडते. जालना जिल्हा 1981 पर्यंत औरंगाबादेत होता, लातूर 1982 पर्यंत उस्मानाबादेत, हिंगोली 1999 पर्यंत परभणीत. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके तर 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. अंबाजोगाई जुन्या कागदात मोमिनाबाद म्हणून येते. गाव जहागिरीतलं असेल तर 1949 मध्ये जहागिरी रद्द होईपर्यंतचा कारभार जहागीरदाराच्या कचेरीत चालायचा, म्हणून त्या गावाचे जुने कागद दिवाणी, म्हणजे थेट सरकारी कारभारातल्या, गावांसारखे सलग मिळतीलच असं नाही.

गॅझेटियरपेक्षा कमी प्रतिष्ठेची पण जास्त नावं देणारी पुस्तकं म्हणजे शाळांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, समाजाच्या वधू-वर सूची, छापील कुलवृत्तांत आणि मुक्तिसंग्रामावरची गावोगावची पुस्तकं. ती बऱ्याचदा कपाटाच्या तळाशी, नोंद न केलेली पडलेली असतात. नेमक्या शब्दांत मागितली तरच निघतात. कुलवृत्तांतातल्या पहिल्या चार-पाच पिढ्या मात्र कागदाचा आधार मिळाल्याशिवाय उतरवून घेऊ नका.

आता कागद. मराठवाड्यात पहिला खरा आधार म्हणजे 1954-55 ची खासरा पाहणी. शेत कुणाच्या नावे होतं आणि कसत कोण होतं, हे तीत सर्व्हे नंबरवार आहे. तुमच्याकडे फक्त गट नंबर असेल तर भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयातून एकत्रीकरणाचा (जुने सर्व्हे नंबर जोडून गट पाडल्याचा) उतारा काढून जुना सर्व्हे नंबर मिळवा, नाहीतर भलत्याच माणसाचं शेत वाचत बसाल. तिथून पुढं वारसाचे फेरफार, म्हणजे मालक वारल्यावर शेत वारसांच्या नावे झाल्याच्या नोंदी, काढा. वंशावळीसाठी याच्याइतका दणकट कागद नाही. मयताचं नाव, मृत्यूची तारीख, विधवा, मुलगे आणि मुलीसुद्धा एकाच नोंदीत सापडतात. घरच्या तोंडी वंशावळीत ज्या आत्या-पणज्या गळालेल्या असतात त्या इथं भेटतात.

निजामी काळातले कागद मोडीत, उर्दूत किंवा फारसीत असतात. नाव "किसन वलद रामजी" असं येतं. वलद म्हणजे अमक्याचा मुलगा, जौजे म्हणजे अमक्याची बायको, बेवा म्हणजे विधवा. आडनाव पुष्कळदा नसतंच. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत असल्यामुळं किसन वलद रामजी आणि रामजी वलद किसन हे आलटून पालटून येत राहतात, आणि दोन पिढ्या एक समजल्या जातात. दोन नोंदींत पन्नासेक वर्षांचं अंतर असेल तर मधे एक पिढी आहे का, ते आधी तपासा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही आणि शब्द सलग लिहिलेले असतात, म्हणून वाचून घेतलेलं नाव दुसऱ्या जाणकाराकडून पडताळा. मोडी किंवा उर्दू वाचणारे निवृत्त शिक्षक गावात कोण आहेत, हे बहुधा ग्रंथपालांनाच ठाऊक असतं.

सगळ्यात महाग चूक सालाची. समजा शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरात जन्म "खुर्दाद 1332" असा आहे. खुर्दाद हा फसलीतला, म्हणजे निजामी महसुली कालगणनेतला महिना. हैदराबाद संस्थानात फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला आजूर महिन्यानं सुरू होई. म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबरच्या तारखेसाठी फसलीत 590 मिळवा, जानेवारी ते सप्टेंबरसाठी 591. खुर्दाद साधारण एप्रिलमध्ये येतो, म्हणजे हा जन्म 1923 चा. हाच 1332 हिजरी समजलात तर 1913-14 निघतं आणि माणूस नऊ वर्षांनी म्हातारा होतो. ओळखायचं महिन्यावरून: आजूर, दै, बहमन, तीर, मेहर असेल तर फसली, मोहरम, सफर, रजब असेल तर हिजरी. महिनाच नसेल तर त्याच पानावरच्या इतर नोंदी पाहा. शके असेल तर 78 मिळवा, जानेवारीपासून गुढीपाडव्याआधीच्या तारखेसाठी 79.

घरात इनाम किंवा वतन असल्याचं बोललं जात असेल तर मुन्तखब, म्हणजे इनामाच्या चौकशीनंतर दिलेला निवाड्याचा कागद, शोधा. छत्रपती संभाजीनगरचं पुराभिलेखागार आणि हैदराबादेत तारनाक्याचं राज्य पुराभिलेखागार या त्यासाठीच्या जागा. अर्जात गाव, जुना तालुका, जुना जिल्हा आणि फसली साल चारही लिहा. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्यांतही कागदाबाहेरच्या पिढ्या मिळतात. तिथं आडनावाबरोबर मूळ गाव सांगावं लागतं, राहतं गाव नव्हे.

प्रत्येक नोंद उतरवताना रजिस्टरचं नाव, साल, पान आणि अनुक्रमांक तिथल्या तिथं लिहा. परवानगी घेऊन फोटो काढा, आधी मुखपृष्ठाचा, मग आपल्या पानाचा. घरातले जुने कागद लॅमिनेट करू नका. उष्णतेनं शाई आणि कागद दोन्ही जातात आणि प्लास्टिक परत निघत नाही. घडी उलगडून, कोऱ्या पांढऱ्या कागदात ठेवून सपाट खोक्यात ठेवा. वंशावळीची एक प्रत वाचनालयात द्या, म्हणजे त्याच गावची सोयरी शोधायला आली तर त्यांनाही तिचा धागा सापडेल.