भोंडल्यातून मुलांवर संस्कार कसा घडवावा

संस्कृती मुलांना उपदेशातून कळत नाही; मोठी माणसे काय करतात हे पाहत, त्यांच्या कामाला हात लावत आणि चुकतमाकत ती अंगवळणी पडते, आणि त्यासाठी आश्विनातल्या भोंडल्याइतके सोपे साधन मला दुसरे दिसत नाही. (काही भागांत हाच खेळ हादगा म्हणून हस्त नक्षत्र लागल्यापासून 16 दिवस चालतो.)

पाटावर हत्तीचे चित्र काढण्याचे काम मुलांकडेच सोपवावे आणि सोंड वाकडी आली तरी ती सुधारायला जाऊ नये. पाट मध्ये ठेवून सर्वांनी फेर धरावा. गाणी आधी पाठ करून घेऊ नयेत, कारण पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन अशी ती वाढवत नेण्याची जुनी रीत मुलाच्या स्मरणशक्तीला आपोआप साजेशी आहे. आजीच्या मागून ध्रुवपद म्हणता म्हणता संपूर्ण गाणे ओठांवर येते. या गाण्यांत सासुरवासाचे दुःख आहे. मुलीने किंवा मुलाने त्याचा अर्थ विचारला, तर विषय टाळू नये. पूर्वीच्या सुनांचे जगणे कसे होते, ते स्पष्ट सांगावे. मुलग्यांनाही फेरात अवश्य घ्यावे.

खिरापत मुलांच्या मदतीने करून डब्यात झाकून ठेवावी. डबा वाजवून ती ओळखायला लावावी आणि वाटपही मुलांच्याच हातून, आधी पाहुण्यांना व मग घरच्यांना, असे करावे.