यंदा तरी बिलं दुकानात ठेवू नका

मे संपत आला. चिपळूणच्या बाजारात दुकान असलेल्याला टॉर्च, दोरखंड, प्लास्टिकचा कागद, मेणबत्त्या हे कोणी शिकवायला नको. मी लिहितोय ते विम्याच्या कागदांबद्दल. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारात शिरलं तेव्हा माझ्या साड्यांच्या दुकानाची पॉलिसी चालू होती, हप्ता वेळेवर भरलेला होता, आणि तरीही नुकसान मोजायला आलेल्या विम्याच्या सर्व्हेअरसमोर मी हात हलवत उभा होतो. खरेदीची बिलं गल्ल्यामागच्या कपाटात, स्टॉकची वही त्याच कपाटात, कॉम्प्युटर टेबलावर. सगळं एकाच पाण्यात.

म्हणून पहिलं काम: बिलांचे आणि वहीचे फोटो काढा आणि ते दुकानाबाहेर पाठवा. मुलीच्या मेलवर, पुण्याच्या भावाच्या मोबाईलवर, कुठेही. "वरच्या माळ्यावर ठेवलंय" हे मला सांगू नका. आमच्या भिंतीवर २००५ च्या पुराची खूण होती, तिच्या वर पाणी जाणार नाही असं आम्हीही धरून चाललो होतो.

आता पॉलिसी काढून वाचा. एजंटला विचारू नका, स्वतः वाचा. पत्ता बरोबर आहे का? मागच्या गल्लीतलं गोदाम त्यात लिहिलेलं आहे का? नसेल तर तिथला माल विम्यात नाही, संपलं. बँकेनं कर्जासोबत काढून दिलेली असेल तर जास्तच नीट बघा, कारण बऱ्याचदा ती कर्जाच्या आकड्याएवढीच असते. वीस लाखांचा माल आणि दहा लाखांचा विमा असेल, तर आठ लाखांच्या नुकसानीला चारच लाख धरतात. याला अंडर-इन्शुरन्स म्हणतात. लहान धंद्यांच्या 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तफावत सोडून देतात, त्यापुढे कात्री लागते. आणि आकडा मार्चच्या स्टॉकवरून ठरवू नका. गणपतीचा माल जुलैत येऊन पडतो, नेमका पावसात.

बिलांचे फोटो झाले का? मग दर शनिवारी नव्या बिलांचे काढायचे. एकदा काढून उपयोग नाही, माझं अर्धं नुकसान शेवटच्या तीन आठवड्यांत आलेल्या मालाचं होतं. जीएसटीच्या पोर्टलवर खरेदीची रक्कम सापडते हे खरं, मलाही सापडली. पण कोणत्या साड्या, किती नग, हे तिथे दिसत नाही, आणि सर्व्हेअर विचारतो तेच. सुरतेच्या व्यापाऱ्याकडून बिलांच्या दुसऱ्या प्रती यायला सव्वा महिना गेला. तोवर क्लेम तिथेच पडून.

दुकानाचा मोबाईलवर व्हिडिओ करा, कपाटं उघडून, रॅक दाखवत. दहा मिनिटांचं काम. तोही बाहेर पाठवा. बिलांसारखाच.

गाडी असेल तर इंजिनाचं जादा संरक्षण घेतलंय का बघा. बुडालेली गाडी चालू करून पाहायची नाही, टो करायची. शेजाऱ्यानं चावी फिरवली आणि इंजिन गेलं.

पाणी ओसरल्यावर: आधी फोटो, मग कंपनीला फोन, क्लेमचा क्रमांक लिहून घ्या, मग चिखल. सर्व्हेअर येण्याआधी भिजलेला माल फेकू नका, फारच वास सुटला तर कंपनीला लेखी कळवून आणि नग मोजून फेका. तलाठ्याचा पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो, त्यानं विम्याचं काम होत नाही, पण प्रत ठेवा. दुकानाबाहेर.

क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी. फी नाही, वकील नको, मुदत एक वर्ष. बाकी पाऊस पडल्यावर बघू. मी आता बिलं घेऊन बसतोय.