शिवणयंत्राशिवाय खिडकीचे पडदे, गोव्याच्या हवेत टिकतील असे

न शिवता केलेला पडदा म्हणजे तात्पुरती सोय, असा समज आपल्याकडे आहे. माझे मत नेमके उलट आहे. गोव्यात वर्षाचे चार महिने हवा इतकी दमट असते की भिंतीला टेकलेले जाड कापड कुबट वास धरते आणि त्यावर बुरशीचे काळे ठिपके उमटतात. अशा ठिकाणी चटकन उतरवता, धुता आणि वाळवता येणारा हलका पडदाच अधिक उपयोगाचा ठरतो, आणि तो करायला सुईदोरा लागत नाही. लागते ते कापड निवडण्याचे भान आणि दोन कडा नीट बसवण्याची चिकाटी.

कापडाविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण अर्धे काम तिथेच होते. मलमल, पॉपलिन, मांजरपाट किंवा पातळ हातमागाचे सुती कापड घ्यावे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा मडगावच्या कापडबाजारात असे कापड मीटरवर मिळते. घेताना आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारावा आणि कापडाची किनार तपासावी. मागावर विणलेली पक्की किनार उसवत नाही, म्हणून तीच पडद्याच्या दोन्ही उभ्या बाजूंना येईल अशा रीतीने कापड लावले, तर त्या बाजूंना हातही लावावा लागत नाही. याच कारणाने जुनी सुती साडी मला सर्वांत आवडते. साडेपाच मीटरची साडी मधोमध कापली की पावणेतीन मीटर उंचीचे दोन पडदे मिळतात, काठ आपोआप बाजूंना येतात आणि अनेकदा धुतलेली असल्यामुळे ती आता आटतही नाही. मात्र घरात आजीची हातमागावरची कुणबी साडी असेल, तर तिला कात्री लावू नये. तो लाल चौकडा नव्याने लोकांच्या डोळ्यांत भरावा म्हणून वेंडेल रॉड्रिक्स यांच्यासारख्या वस्त्रकाराने परिश्रम घेतले. ती साडी दुहेरी घडी करून, न कापता, दांड्यात ओवलेल्या कड्यांच्या चिमट्यांवर टांगता येते.

आता माप. खिडकी 120 सेंटिमीटर रुंद आणि 135 सेंटिमीटर उंच आहे, असे धरू. दांडा चौकटीच्या 12 सेंटिमीटर वर आणि दोन्ही बाजूंना 20 सेंटिमीटर पुढे जाईल असा, म्हणजे 160 सेंटिमीटरचा घ्यावा. त्यामुळे पडदे बाजूला सारल्यावर खिडकी पूर्ण उघडी राहते आणि वारा अडत नाही. पडद्याला चुण्या पडायच्या तर कापडाची एकूण रुंदी दांड्याच्या दीडपटीच्या आसपास हवी. 115 सेंटिमीटर पन्ह्याचे दोन पडदे घेतले की 230 सेंटिमीटर भरतात, आणि पातळ कापडाला ते पुरते. पडदा खिडकीच्या उंबऱ्याखाली 15 सेंटिमीटर उतरवायचा असेल, तर दांड्यापासूनची उंची 162 होते. त्यातून कडी व चिमट्याचे 4 सेंटिमीटर वजा करावेत आणि वरच्या दुमडीसाठी 5 व खालच्या दुमडीसाठी 8 मिळवावेत. एका पडद्याला 171 म्हणजे दोन पडद्यांना 342 सेंटिमीटर कापड झाले. नवे सुती कापड धुतल्यावर शेकडा 5 पर्यंत आटू शकते, म्हणून 3.6 मीटर घ्यावे. जमिनीपर्यंत पडदा हवा असेल, तर तो फरशीपासून दोन-तीन सेंटिमीटर वरच थांबवावा. पावसाळ्यात ओल्या फरशीला टेकलेली कड आधी कुजते.

कापण्यापूर्वी कापड धुवावेच. आटण्याचा प्रश्न तर आहेच, शिवाय नव्या कापडाला खळ असते आणि तिच्यावर चिकटपट्टी नीट धरत नाही. लाल किंवा गडद रंगाचे कापड वेगळे धुवावे.

कड बसवण्यासाठी इस्त्रीने वितळून चिकटणारी पट्टी मिळते. शिवणसाहित्याच्या दुकानात तिला फ्यूजिंग टेप म्हणतात. कागदी दुहेरी चिकटपट्टी किंवा तापवून लावायचा गोंद वापरू नये: पहिली दमट हवेत सुटते, दुसरा कडक गुठळ्या करतो. पडद्याची खालची कड आधी 1 सेंटिमीटर आत दुमडून इस्त्री करावी, मग 7 सेंटिमीटर दुमडून पुन्हा इस्त्री करावी, म्हणजे घडी स्वतःच्या जागी राहते. मग या 7 सेंटिमीटरच्या दुमडीच्या आत, तिच्या वरच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर मागे, पट्टी सरळ ठेवावी. वर ओला करून पिळलेला पंचा पसरावा, इस्त्री सुती कापडाच्या तापमानावर ठेवावी आणि एका जागी दहा ते पंधरा सेकंद दाबून धरावी. इथे इस्त्री सरकवायची नाही. उचलायची आणि शेजारी पुन्हा ठेवायची, कारण सरकवली की आतली पट्टी वाकते आणि कड नागमोडी होते. पूर्ण गार होईपर्यंत कापड हलवू नये; गरम असताना ओढून पाहिले की सांधा सुटतो आणि पट्टीचा दोष नसताना तिच्यावर ठपका येतो. कापडात पॉलिएस्टर असेल, तर आधी एका चिंधीवर प्रयोग करावा. वरची 5 सेंटिमीटरची दुमड याच पद्धतीने बसवावी.

पुष्कळ जण वरच्या बाजूला नेफा करून त्यातून दांडा ओवतात. स्प्रिंगच्या वायरीवर टांगलेल्या झिरझिरीत कापडाला ते चालते. पण रोज उघडझाक होणाऱ्या पडद्याचा सगळा ताण चिकटवलेल्या नेफ्यावर येतो, म्हणून मी चिमट्याच्या कड्या पसंत करते. पडदा रुंदीत तीनदा अर्ध्यावर दुमडून घड्यांची खूण पाडली की दोन टोके धरून समान अंतरावर नऊ जागा मिळतात, मोजण्याची गरज पडत नाही. एका पडद्याला नऊ, दोघांना अठरा चिमटे.

चिमटे घेताना लोहचुंबक सोबत न्यावे. माझे पहिले पडदे पांढऱ्या मलमलीचे होते आणि मी ते साध्या सेफ्टी पिनांनी टांगले होते. चवथीच्या साफसफाईला उतरवले, तेव्हा वरच्या कडेवर तांबूस डागांची सरळ रांग उमटलेली होती, प्रत्येक पिनेखाली एक. लिंबू-मीठ चोळल्यावर ते फिके झाले, गेले मात्र नाहीत. पुढे एका दुकानदाराने न गंजणारे म्हणून दिलेले चिमटेही एका पावसाळ्यात गंजले. वर चकाकी आणि आत लोखंड होते. लोहचुंबक चिकटले नाही तर आत लोखंड नाही एवढे नक्की कळते. पितळी किंवा प्लास्टिकचे चिमटे उत्तम. समुद्राजवळच्या घरांत खाऱ्या हवेमुळे याची काळजी दुप्पट घ्यावी.

दांडा बसवताना भिंत पाहावी. आपल्या जुन्या घरांचा चिरा, म्हणजे जांभा दगड, ठिसूळ असतो, त्यात आखूड स्क्रू हलतो आणि भोक मोठे होते. लांब प्लग वापरावा किंवा ब्रॅकेट सरळ लाकडी चौकटीवर बसवावे. शिंपल्यांच्या तावदानांची जुनी खिडकी असेल, तर तिच्यापुढे एकपदरी मलमलच लावावी, म्हणजे शिंपल्यांतून गाळून येणारा दुधी उजेड खोलीत पोहोचत राहील. स्वयंपाकघरात गॅसच्या शेगडीजवळच्या खिडकीला पडदा लावूच नये.

धुताना पडदे थंड पाण्यात हाताने धुवावेत आणि पिळू नयेत. पावसाळ्यात ते पंख्याखाली दांड्यावरच वाळतात. कुठे कड सुटली तर त्याच जागी पंचा ठेवून पुन्हा इस्त्री दाबावी, बहुतेक वेळा जुनीच पट्टी पुन्हा धरते.